चार संकटं, एक पुंजणं

आमच्या भागात हत्तींचा कळप आला, त्या सालची ही गोष्ट. मोकळे, रानातले हत्ती गावात कुणी पाहिलेच नव्हते. वाघाची सवय होती, अस्वलाची होती. हत्तीचं काय करायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी मूल गावची. तिथल्या एका राईस मिलमध्ये वडील कामाला होते, त्यामुळे तांदूळ मी जन्मापासून पाहिला. धानाशी ओळख मात्र लग्नानंतर झाली. सासर गडचिरोली जिल्ह्यातलं, जंगलाच्या कडेला. घरात आम्ही चौघं: सासूबाई, माझा नवरा, धाकटा दीर आणि मी. धान कापलं की आम्ही त्याच्या पेंढ्या बांधतो आणि शेतातल्या उंच जागी त्यांचा मोठा गोल ढीग रचतो. त्याला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. लोंब्या आत, बुडखे बाहेर, वर निमुळता शेंडा. थोडाफार पाऊस वरच्या वर ओघळून जातो. रचण्याचं काम सासूबाईंचं. त्या ढिगावर उभ्या राहायच्या, आम्ही खालून पेंढ्या फेकायच्या, आणि एखादी वाकडी पडली तर फेकणाऱ्याचं सगळं खानदान निघायचं. नवरा आणि दीर त्यांचेच मुलगे असल्यामुळे त्यात त्यांचं स्वतःचंही नाव यायचं, पण त्याची त्यांना पर्वा नसे.

वर्षभराचं धान असं एका ढिगात उभं असतं. मळणीयंत्र आलं की एका दिवसात घोर मिटतो. पण त्या साली यंत्र दूरच्या कुठल्याशा गावात चिखलात रुतलं, मग त्याचा पट्टा तुटला, मग यंत्रवाल्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. आमची पाळी पुढे पुढे जात राहिली आणि पुंजणं शेतात उभंच राहिलं.

एका संध्याकाळी जेवायला बसलो असताना दिराने बातमी आणली. कळप नदी ओलांडून अलीकडच्या जंगलात शिरला होता.

"आपल्याकडं येतात का गा?" सासूबाईंनी विचारलं.

"काई येत नाई," नवरा म्हणाला. "एवढं मोठं जंगल, एवढी गावं. त्याईले आपलंच पुंजणं काऊन दिसंल?"

"अन् पाऊस?"

"आभाळ पाह्य ना माय. एक ढग दिसते का?"

"आग?"

"कोण लावते आग?"

"डुकरं?"

"डुकरं उभ्या धानात येतात. कापल्यावर त्याईले काय काम?"

एकेक उत्तर बरोबरच होतं. मलाही ते पटत होतं, आणि मी वरण वाढत होते. सासूबाईंनी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला.

"मंग लोकाईचे पुंजणे जातात कशानं?" त्या म्हणाल्या. "माह्या डोळ्यादेखत किती गेले. एकाचं बिडीनं जळलं. एकाचं अवकाळीनं सडलं. एकाच्या वरून लाइटीचे तार गेले होते, ठिणगी पडली. दरसाल कोणाचं ना कोणाचं जाते, अन् दरसाल कारण येगळं. ज्याचं गेलं तोही आदल्या रोजी तुह्यासारखाच जेवत बसला होता. म्हणे, आग काऊन लागंल, पाऊस काऊन येईल."

"पण माय, हे सगळं एका टायमाले थोडीच होते?"

"एका टायमाले काऊन पायजे? एकच पुरते."

आईसमोर नवरा नेहमीच थोड्या वेळाने माघार घेतो, पण या खेपेला तो खरोखर विचार करत होता असं मला वाटलं. दीर म्हणाला, "मंग का करायचं सांग."

"वाटून घ्या," सासूबाई म्हणाल्या. जशा बांध्या, म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे, वाटून देतात, निंदणाच्या ओळी वाटून देतात, तशी त्यांनी संकटं वाटली. नवऱ्याकडे पाऊस. दिराकडे हत्ती. आग त्यांनी स्वतःकडे ठेवली. माझ्या वाट्याला डुकरं आली. मला जरा अपमान वाटला. मूलसारख्या गावाहून आलेली सून, आणि तिला डुकरं!

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराची रीतच बदलली. माझा नवरा, ज्याला आदल्या संध्याकाळी एक ढग दिसत नव्हता, तो आता चूळ भरताना पश्चिमेकडे बघायला लागला. फोनवर हवामान पाहायचा, आणि एका ठिकाणी ऊन दाखवलं तर पाऊस दाखवणारं दुसरं ठिकाण शोधून काढायचा. "आज दमट वाटून राह्यलं ना?" असं तो मला घामाने निथळताना विचारायचा, जणू तो घाम आभाळातूनच आला होता. दीर चौकात बसून हत्तींच्या बातम्या गोळा करायचा आणि प्रत्येक बातमीत कळप आमच्या गावाच्या आणखी जवळ यायचा. सासूबाई शेताजवळून जाणाऱ्या प्रत्येक बिडी ओढणाऱ्याला थांबवून बिडी विझवायला लावायच्या. त्यात त्यांचे सख्खे चुलत दीरही सुटले नाहीत. आणि मी, खोटं कशाला सांगू, बांधावर उकरलेली थोडी माती दिसली की मला त्यात डुकराचं अख्खं कुटुंब दिसायचं.

एकदा दळण घेऊन येताना मी मनातल्या मनात चौघांना विचारून पाहिलं, आपापलं संकट येण्याची शक्यता किती? नवरा म्हणेल, पाऊस बहुतेक येणारच. दीर म्हणेल, हत्ती नक्की. सासूबाई आगीची शक्यता निम्म्याहून जास्त सांगतील. माझं डुकरांचंही काही कमी नव्हतं. या सगळ्यांची बेरीज केली तर आमचं पुंजणं एकदा नाही, दोन-तीनदा नष्ट व्हायला हवं होतं! मला रस्त्यात एकटीलाच हसू आलं. सगळ्यांना मिळून विचारलं तेव्हा "काई होत नाई", आणि वेगवेगळं विचारलं तर धान उरतच नाही. खरं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार, पण ते नेमकं कुठे, हे कोणाला विचारायचं?

खरी गंमत उपायांनी केली. दिराने हत्तींसाठी मशाली आणल्या, वाळल्या मिरच्या घातलेल्या शेणाच्या गोवऱ्या आणल्या, कारण त्यांच्या धुराने म्हणे हत्ती पळतात, आणि फटाक्यांची एक पिशवी आणली. हे सगळं त्याने पुंजण्याला टेकून नीट रचून ठेवलं. आगीची जबाबदारी असलेल्या सासूबाईंनी ते पाहिलं तेव्हा मी तिथेच होते.

"लहान्या! हे का आहे?"

"हत्तीसाठी, माय."

"हत्ती येईल तवा येईल. तुही आग तं आजच येऊन बसली ना इथी!"

त्यांनी ते सामान घरी पाठवलं आणि वर पुंजण्याभोवती बादल्यांनी पाणी शिंपडून जमीन ओली केली, म्हणजे ठिणगी पडली तरी पसरणार नाही. दोन दिवसांनी त्या ओल्या मातीत डुकरं येऊन मस्त लोळून गेली. माझ्या वाट्याचं संकट सासूबाईंनीच आमंत्रण देऊन बोलावलं होतं. मी कुत्रा नेऊन बांधला. तो कोल्ह्यावर भुंकला की दीर हत्ती आले म्हणून धावत सुटायचा.

नवऱ्याने सगळ्यात मोठं काम केलं. विकत न आणता, शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या मोठ्या ताडपत्रीने त्याने पुंजणं वरपासून खालपर्यंत गुंडाळलं आणि दोरीने आवळलं. तो चार पावलं मागे जाऊन बराच वेळ त्याकडे बघत उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी मी कुत्र्याला भाकर द्यायला गेले तेव्हा ताडपत्रीच्या कडेतून एक वास आला. तो वास मी ओळखत होते. वडील मिलमधून घरी आले की काही दिवशी त्यांच्या सदऱ्याला तो यायचा, आणि आई विचारायची, आज तापलेलं धान आलं का? मी ताडपत्री उचलून पेंढ्यांत कोपरापर्यंत हात घातला. आत गरम होतं. कापणीच्या घाईत आम्ही पेंढ्या जरा ओलसरच बांधल्या होत्या, आणि आता ती ओल आतच कोंडली होती. असं धान पिवळं पडतं, आणि मिलमध्ये त्याचा चुरा होतो.

मी नवऱ्याला बोलावलं. त्याने हात घातला आणि तसाच ठेवला.

"पाऊस तं आलाच नाई," तो म्हणाला.

"नाई आला. पण तुम्ही त्याचं काम करून टाकलं."

तो आधी रागावला आणि मग इतका हसला की ताडपत्री सोडवायची दोरी त्याच्या हातून सुटली.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं पुंजण्याजवळच बसलो. बाजू उघड्या केल्या, फक्त शेंडा झाकून ठेवला. मी सासूबाईंना म्हणाले, "बाई, संकटं आपण चार वाटून घेतली, पण पुंजणं एकच आहे. एकाचा उपाय दुसऱ्याच्या अंगावर जाते. आता सगळ्याईनं सगळंच पाहू."

"अन् पुंजणं एकच काऊन आहे?" दीर म्हणाला. "अर्धं घरी नेलं तं?"

यावर मोठा वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं असं, की दोन ठिकाणी ठेवलं तर दोन ठिकाणची चिंता. घराजवळ गुरं आहेत, चूल आहे, शेजारी आहेत. काहीतरी जाण्याची शक्यता वाढणारच. हे खरंच होतं. सासूबाई बराच वेळ काडीने जमिनीवर रेघा ओढत राहिल्या.

"कमी-जास्त जाईल," त्या शेवटी म्हणाल्या. "ते मी सहन करीन. पण एका रोजी सगळंच गेलं तं पुढचं वरीस का खायचं? अर्धं घरी न्या."

मग बैलबंडी जुंपली. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे आमच्या परसात, दुसरं पुंजणं उभं राहिलं. सासूबाईंनी तेही रचलं, आणि आमच्या खानदानाचा उद्धार पुन्हा एकदा झाला.

हत्ती त्यानंतर आले. दुपारी वनखात्याची गाडी भोंगा वाजवत गावात फिरली: कळप जवळ आहे, कोणीही शेतात जाऊ नये, जनावरं बांधून ठेवा. सगळा गाव ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चढला. तिथे उभं असताना मला एक गोष्ट कळली. शेतातल्या पुंजण्यापाशी आता कोणीच नव्हतं. ताडपत्री सुटली तर बांधायला कोणी नाही, ठिणगी पडली तर विझवायला कोणी नाही, कुत्राही घरी आणला होता. हत्तीने पुंजण्याला सोंड लावायचीही गरज नव्हती. त्याने आम्हाला गच्चीवर बसवलं की बाकीच्या तिन्ही संकटांना रान मोकळं होतं. ही संकटं म्हणजे चार वेगळी माणसं आहेत असं समजून आम्ही ती वाटून घेतली होती, पण त्यातलं एक आलं की ते दुसऱ्यांना हात धरून आणत होतं. आणि त्यात पश्चिमेला ढग जमत होते. नवरा त्या ढगांकडे बघत होता, आणि या वेळी ढग खरे होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा ते जंगलातून बाहेर आले. आधी झाडंच हलल्यासारखी वाटली. मग एक मोठी मादी, तिच्या मागे बाकीचे, आणि मधोमध एक पिल्लू, जे बांध चढताना घसरलं आणि मागच्याने त्याला सोंडेने वर ढकललं. गच्चीवरच्या सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम "अवो बाई!" निघालं. भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर मला ते फार सुंदर वाटलं. माझ्या शेजारी सासूबाईंनी हात जोडले.

"देवा गणराया," त्या पुटपुटल्या, "पलीकडच्या बांधीत जा." शेजारीच पलीकडच्या बांधीची मालकीण उभी होती. सासूबाईंनी लगेच दुरुस्ती केली. "तिथीही नोको. जंगलात जा. जंगलात लय खायाले आहे."

गणरायाने ऐकलं नाही. कळप सरळ आमच्या पुंजण्यापाशी थांबला. मोठ्या मादीने ताडपत्री दोन झटक्यांत ओढून काढली आणि टॉवेल झटकावा तशी झटकली. दिराला राहवलं नाही. त्याने घरून आणलेल्या पिशवीतले फटाके काढले आणि गच्चीच्या कोपऱ्यातून एक माळ लावली. हत्तींनी मान वर केली, थोडं खाल्लं, थोडं उधळलं आणि आपल्या सवडीने जंगलाकडे वळले. फटाक्यांमुळे गेले की पोट भरल्यामुळे, यावर दीर आजही वाद घालतो.

पहाटे पाऊस पडला. फार नाही, पण रिमझिम बराच वेळ चालला. उजाडल्यावर वनखात्याच्या माणसांनी जायला हरकत नाही सांगितलं आणि आम्ही शेतात गेलो. पुंजण्याची एक बाजू खाल्लेली, बऱ्याच पेंढ्या चहूकडे फेकलेल्या आणि भिजलेल्या. ताडपत्री दुसऱ्याच्या बांधीत सापडली. तिच्या बरोबर मध्यावर एक गोल, परातीएवढा पाय उमटला होता. उरलेलं पुंजणं मात्र उभं होतं, आणि लोंब्या आत असल्यामुळे आतून कोरडं होतं. सासूबाईंनी हात घालून पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या.

"घरचं तं ठीक आहे ना?" नवरा म्हणाला.

घरचं ठीक नव्हतं. फटाक्यांच्या आवाजाने आमच्या स्वतःच्या बंडीचाच एक बैल बिथरला होता, दावं तोडून सांदवाडीत शिरला होता, आणि आम्ही गच्चीवर हत्ती बघत असताना त्याने घरच्या पुंजण्याचा एक कोपरा निवांत फस्त केला होता. रात्री गच्चीवरून घरी आल्यावर सगळे शेताच्या काळजीत होते, म्हणून मागच्या अंगणात कोणी पाहिलंच नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा तो शेजारी बसून रवंथ करत होता. चेहऱ्यावर कसलीच लाज नाही.

"हा कोणाच्या वाट्याले होता गा?" सासूबाईंनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बैल कोणाच्याच वाट्याला नव्हता. दीर सगळ्यात आधी हसला, आणि मग आम्ही चौघंही अंगणात बसून पोट धरून हसलो. शेजारीण कुंपणावरून डोकावून विचारती झाली, एवढं नुकसान झालं अन् हे काय?

दुपारी पाहणीला वनरक्षक आणि तलाठी एकाच वेळी आले. दोघंही चांगली माणसं. शेतात फिरले, मग ओट्यावर चहा घेत बसले. अडचण अशी होती की जंगली जनावराने नुकसान केलं तर ते एकाने नोंदवायचं, आणि पावसाने केलं तर दुसऱ्याने.

"हत्तीनं खाल्लं ते तर दिसतंच आहे," वनरक्षक म्हणाला. "पण फेकलेल्या पेंढ्या नुसत्या फेकल्या होत्या, भिजवल्या पावसानं. कोरड्या असत्या तर उचलून पुन्हा रचता आल्या असत्या."

"बरोबर," तलाठी म्हणाले. "पण ताडपत्री असती तर पावसानं भिजल्याच नसत्या. आणि ताडपत्री काढली हत्तीनं."

दोघांनी बशीत चहा ओतला. दोघंही बरोबर होते, आणि म्हणूनच कागद कोराच होता. एकट्या हत्तीने एवढं गेलं नसतं. एकट्या पावसाने तर काहीच गेलं नसतं. मी विचार करत होते, की मग या भिजलेल्या धानातला हत्तीचा वाटा किती आणि पावसाचा किती? चुलीवरचा भात लाकडाने शिजला की पाण्याने, असं विचारण्यासारखंच ते.

"दोघाईनं मिळून केलं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "एकानं उघडलं, एकानं भिजवलं. दोघाईचं नाव लिहा."

"आजी, एकच लिहिता येते," वनरक्षक हसत म्हणाला.

"मंग हत्तीचं लिहा. त्याचा पाय तरी उमटला आहे. पावसाचा पाय कुठी दाखवू?"

तलाठ्यांना ठसका लागला. हत्तीचं लिहिलं गेलं. पुढे थोडीफार भरपाईही मिळाली. बैलाचा विषय आम्ही कोणी काढला नाही. तो बिचारा मागे ऐकत उभा होता.

ऊन पडल्यावर भिजलेल्या पेंढ्या आम्ही अंगणात, ओट्यावर, शेजारणीच्या छपरावर, मिळेल तिथे पसरल्या. बऱ्याचशा वाचल्या. थोडं धान काळं पडलं, ते कोंबड्यांना गेलं. आणि अखेर एका सकाळी यंत्र आलं. अर्धा गाव मदतीला जमला. धुळीने सगळ्यांचे केस पांढरे झाले, नवरा आणि दीर एकमेकांना म्हातारा म्हणून चिडवत होते. पोती भरली. दरसालपेक्षा कमी, पण वर्ष निघेल एवढी.

आता दरसाल आम्ही दोन पुंजणी रचतो. संकटं वाटून घेत नाही. संध्याकाळी ज्याला वेळ असेल तो जातो आणि सगळंच पाहून येतो, ओल, ठिणगी, माती, दावं, आभाळ. परत आला की सासूबाई विचारतात, काय दिसलं? आणि नवरा पाय धुता धुता सांगायला लागला की त्याचं लांबतंच. आजही तो बोलत होता: पश्चिमेला ढगांची थोडी झालर दिसते, कुंपणाचा एक खांब हलते, कुत्रा लंगडून राह्यला. सासूबाई ऐकता ऐकता अंगणातल्या तणसाच्या, म्हणजे मळलेल्या धानाच्या कोरड्या काडांच्या, ढिगाला टेकल्या, आणि तो तिसऱ्या गोष्टीवर येईस्तोवर त्यांना झोप लागली होती. मी त्याला खूण केली. तो थांबला, आत गेला, आणि पांघरूण घेऊन आला.